भिंगरीसाठी दुरुस्त केलेलं घर

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. एका महिन्यात माझं दुसरं पत्र बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या आळीला ऐकवायचं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. पार्लरमध्ये इतकी वर्षं कानाशी ड्रायर घेऊन उभी राहिलीस, कान बिचारे टिकणार तरी किती?

तर गोष्ट भिंगरीची. हल्ली सकाळी तिची वेणी मीच घालतो. तुझ्या भावजयीला लवकर जाग येत नाही, आली तरी उठावंसं वाटत नाही, म्हणून मी तिला पडू देतो. परवा भांग पाडताना पोरीच्या डोक्यावर मागच्या बाजूला बाटलीच्या बुचाएवढी मोकळी जागा दिसली. मला वाटलं, चाई पडली. त्वचेच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "ही चाई नव्हे. केस गळलेले नाहीत, कुणीतरी उपटलेत." आणि माझ्याकडेच बघायला लागले. मी म्हटलं, अहो, बाप आहे मी तिचा! तेवढ्यात भिंगरी खाली बघत म्हणाली, "मीच."

तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवून आहे. पुस्तक वाचत असते, हात वर जातो, बोटं चाचपत चाचपत एक केस निवडतात आणि ओढतात. चेहऱ्यावर काही नाही. दुखल्याचं नाही, काही नाही. मग तो केस ओठांवरून फिरवते आणि मुठीत धरून ठेवते. मी ओरडलो. मग समजावलं. हातमोजे घातले, टोपी घातली, केस सोडलेस तर सायकल घेईन म्हटलं. नऊ वर्षांची पोर मला सांगते, "बाबा, मी नाही करत. हात करतो."

आणि ताई, ती बसून असते. जिला एका जागी बसवायला मी खुर्चीला बांधायच्या गमती करायचो, म्हणून जिचं नाव भिंगरी पडलं, ती तासन्‌तास बसून असते.

डोक्याच्या बाहेरच्या भागातली तज्ज्ञ आपल्या घरात तूच. काहीतरी सांग.

तुझा
ठोकळ्या


१७ फेब्रुवारी

ठोकळ्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा न लावता, म्हणून दुसऱ्यांदा.

घाबरून जाऊ नकोस. असली डोकी मी पाहिली आहेत. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंची मुलगी असंच करायची. परीक्षा जवळ आली की भांग रुंद. मी सरळ तिचे केस बारीक कापून टाकले. धरायलाच काही उरलं नाही तर बोटं ओढणार काय? पुढे तिची सवय सुटली म्हणे. तूही तेच कर. मुलांसारखे बारीक काप, आणि तू स्वतः कापू नकोस, इमारतींची मॉडेलं करताना तुझा हात पुठ्ठ्यावर चालतो म्हणून डोक्यावर चालेल असं नाही. पोरीला म्हणावं, आत्या म्हणते, मान दिसली की मुलगी उंच दिसते.

सायकलीचं आमिष दाखवू नकोस. मुलं काय व्यापारी आहेत?

आता एक विचारते, रागावू नकोस. मागच्या वर्षी तुमचं बाळ राहिलं नाही, त्याचं भिंगरीला काय सांगितलंत? मला तू चार ओळी लिहिल्यास, "सातव्या महिन्यात गेलं, ही बरी आहे, येऊ नकोस." मी आले नाही. तेव्हापासून तुझ्या पत्रांत बाळही नाही आणि भावजयही नाही, नुसत्या इमारती आहेत. भावजय सकाळी उठत नाही हे तू वेणीच्या निमित्तानं लिहिलंस. ती रात्री झोपते का? जेवते का?

ताई


६ मार्च

ताई,

केस कापले. चांगल्या ठिकाणी नेऊन कापले, उगाच माझ्या हाताला नावं ठेवू नकोस. भिंगरी आरशात बघत होती, रडली नाही, "मान दिसते" हा तुझा निरोप सांगितला तर हसलीसुद्धा. मी खूश. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, बहिणीनं एका फटक्यात काम केलं.

चार दिवसांनी तिच्या डाव्या डोळ्याच्या पापणीला केस नव्हते. आता उजव्या भुवईतही खिंड पडली आहे.

ताई, डोकं टोपीखाली झाकता येत होतं. पापणी कशी झाकू? शाळेत पोरं विचारतात. ती सांगते, भाजलं. खोटं इतकं सराईतपणे बोलते की मीच क्षणभर गॅसच्या शेगडीकडे बघितलं.

बाळाचं विचारलंस. तिला "बाळ आलं नाही" एवढं सांगितलंय. तिनंही पुन्हा विचारलं नाही. लहान मुलं विसरतात. पाळणा मी सुटा करून माळ्यावर टाकला, कपडे देऊन टाकले. घरात तो विषय काढायचा नाही असं आमचं ठरलंय, म्हणजे मी ठरवलंय, आणि ही काही बोलली नाही. ही जेवते. झोपते की नाही ते ठाऊक नाही, कुशीवर वळून असते. जखमेवर खपली धरत असताना ती खरवडून काय मिळणार? केसांचा आणि त्याचा संबंध नाही, मला शाळेतलं काहीतरी वाटतंय. नवीन गणिताचे सर कडक आहेत.

वर्गशिक्षिकेनं एका बाईंचं नाव दिलंय. मुलांच्या मनावर काम करतात. समुपदेशन म्हणतात त्याला. पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. आपल्या घरात असलं कुणी केलेलं नाही, पण आता मला कुणी सांगितलं की झाडाला उलटं टांगून घे, तर मी झाड शोधायला निघेन.

ठोकळ्या


१५ मार्च

ठोकळ्या,

तुझं पत्र आल्यापासून कात्री हातात घेतली की पोरीची पापणी दिसते. मी सांगितलं म्हणून झालं. बोटांना केस हवे होते, मी डोक्यावरचे काढून घेतले, मग ती डोळ्यांवर गेली. मला काय अक्कल होती सल्ले द्यायची? इतक्या डोक्यांवरून हात फिरवला, आत काय असतं ते एकदाही बघितलं नाही.

बाईंकडे जरूर जा. झाडाला टांगून घेऊ नकोस, फांदी मोडेल.

आणि लहान मुलं विसरतात हे तुला कुणी सांगितलं? आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तूही काही विचारलं नाहीस. फरशीवर ठोकळ्यांचं घर रचत बसायचास, कुणाचा पाय लागून पडलं की पुन्हा रचायचास, जेवायलाही उठायचा नाहीस. सगळे म्हणाले, बरं झालं, पोर रमलं. त्यावरूनच तुझं नाव पडलं. तुला आठवत नसेल, मला आठवतं.

ताई


२८ एप्रिल

ताई,

उशीर झाला. नव्या इस्पितळाचं मॉडेल द्यायचं होतं, सहा मजले, प्रत्येक खिडकीत पडदा हवा म्हणाले. माझ्याकडे बाकी काही नसलं तरी दीड इंचाची माणसं पोत्यानं आहेत.

बाईंकडे दर बुधवारी जातो. खोली अगदी साधी आहे. एका कोपऱ्यात वाळूची उथळ पेटी, कप्प्यांत प्राणी, मोटारी, भांडीकुंडी, एक मोडका फोन, आणि भिंतीशी लाकडी बाहुलीघर. बाई साठीच्या आसपासच्या, सपाता घालून फरशीवर बसतात. पहिल्याच दिवशी मी फाईल पुढे केली. रक्ताचे अहवाल, शाळेचे गुण, कुठला केस कधी गेला त्याचे फोटो. त्यांनी ती नीट बघितली, बाजूला ठेवली आणि भिंगरीला म्हणाल्या, "इथे तू काय करायचं ते तू ठरवायचं. आणि तू सांगितल्याशिवाय मी इथलं बाहेर सांगणार नाही. फक्त तुला धोका असेल तरच सांगेन." म्हणजे मलासुद्धा नाही! मी बाहेर बाकावर बसतो. दाराच्या काचेवर कागद लावलाय.

मला न विचारता राहवत नाही. दर वेळी विचारतो, काय म्हणाली? बाई म्हणतात, "खेळली." मागच्या वेळी म्हणाल्या, "घराशी खेळते." मी म्हटलं, कसलं घर, कोण कोण आहे त्यात? त्या हसल्या आणि मला गृहपाठ दिला.

गृहपाठ असा. रोज थोडा वेळ भिंगरीजवळ बसायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, चूक काढायची नाही, तिच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. हात केसांकडे गेला तरी तो धरायचा नाही. नुसतं असायचं. ताई, इस्पितळाच्या सहा मजल्यांना पडदे लावणं सोपं आहे. ती कागदाची होडी करते, घडी तिरकी पडते, माझी बोटं वळवळतात. बाई म्हणाल्या, "तुम्ही दुरुस्त करणारे आहात. ती बिघडलेली नाही, तिला काहीतरी होतंय." मला हे वाक्य पटलं, पण त्याचं करायचं काय ते कळलं नाही.

हिलाही बोलावतात, वेगळं. ही तिथून येते तेव्हा डोळे सुजलेले असतात. मी विचारत नाही.

पण एक सांगतो, कुणाला बोलू नकोस, दृष्ट लागेल. डाव्या पापणीला केस येताहेत. बारीक, काळे. काल वेणी घालण्याइतके नसले तरी मी उगाच तिच्या डोक्यावरून कंगवा फिरवला आणि तिनं फिरवू दिला.

मागच्या बुधवारी दार उघडं राहिलं तेव्हा ते बाहुलीघर मी बघितलं. त्याची दशा बघवत नाही. पुढचं दार बिजागरीतून निखळलेलं, जिना तुटका, पोटमाळ्याचं छप्पर चिकटपट्टीनं बांधलेलं. बाहुल्यांचे कपडे तर विचारू नकोस. मी बाईंना म्हटलं, द्या मला, दोन दिवसांत नवं करून आणतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या, आहे तसंच बरं आहे." भिडस्त आहेत.

ठोकळ्या


१० मे

ठोकळ्या,

पापणीचं वाचलं आणि गिऱ्हाईक खुर्चीत सोडून आत जाऊन रडून आले. बाईंना माझा नमस्कार सांग. मी असल्या लोकांना मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते आता सांगत नाही.

तुला बाहेर बाकावर बसवतात ते बरं करतात. आत असतास तर वाळूसुद्धा चाळून ठेवली असतीस. पण खरं सांगू, नुसतं बसणं तुझ्या रक्तात नाही. तुझी माया हातातून येते, तोंडातून येत नाही. लहानपणी माझी चप्पल तुटली की न बोलता शिवून ठेवायचास. बाई नको म्हणाल्या तरी पुन्हा विचार. त्या भिडेपोटी म्हणाल्या असतील. बापानं केलेलं घर बघून पोरीची छाती फुगेल. नाहीतरी तू तिच्यासाठी दुसरं काय करू शकतोस?

भावजयीला म्हणावं, ताईला पत्र लिही. चार ओळी चालतील.

ताई


२ जून

ताई,

फत्ते!

बाई आठवडाभर रजेवर आहेत. मी चष्म्याचं घर तिथे विसरलो म्हणून गेलो, तर दारावरचे काका म्हणाले, त्या थेट बुधवारी येतील. मी म्हटलं, मग ते घर द्या, त्या यायच्या आत आणून ठेवतो. ते मला ओळखतात, इतके बुधवार एकत्र चहा प्यायलोय. दिलं. नकोच म्हणत होते, पण मी बापुडवाणा चेहरा केला.

मग मी जे काम केलंय ना ताई, इस्पितळवाल्यांच्या नशिबात तसं नाही. दाराला पितळी बिजागरी बसवली. जिना नवा केला, कठड्यासकट. भिंती घासून रंगवल्या. खिडक्यांना काच. सगळं सामान धुतलं, आणि पोरं हरवतात म्हणून खाटा, टेबल, खुर्च्या जागच्या जागी चिकटवून टाकल्या. बाहुल्यांना नवे कपडे ही शिवेल म्हणून विचारलं, ती नाही म्हणाली, मग मीच शिवले.

आणि काय उकिरडा होता आत! बाप बाहुला न्हाणीत उलटा कोंबलेला. आई बाहुली खाटेखाली. पोटमाळ्यावर चिकटपट्टीनं बंद केलेली एक काडेपेटी, उघडली तर आत केसांचा गुंता, आणि त्यात शेंगदाण्याएवढं एक बाळ. कुठल्या कारट्यानं केर भरून ठेवला होता कोण जाणे. तो टाकला, बाळ साबणानं धुऊन काढलं. आता सगळी मंडळी टेबलाभोवती बसली आहेत, बाळ आईच्या मांडीवर. चिकटवलंय, पडणार नाही.

रविवारीच नेऊन ठेवलं. उद्या बुधवार. भिंगरीला सांगितलं नाहीये, तिचं तोंड बघायचंय. बाकावर बसून का होईना, तिची आरोळी तर ऐकू येईल.

फार दिवसांनी मला बरं वाटतंय.

ठोकळ्या


९ जून

ठोकळ्या,

काडेपेटीतले केस कसे होते? कापलेले की उपटलेले? कापलेल्याचं टोक दोन्हीकडून सारखं असतं. उपटलेल्याच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, मुळाचा. काळे होते का? आखूड होते का? त्यात पापणीचे होते का, वाकडे, टोकाशी निमुळते?

तू फेकलेस कुठे? केराच्या डब्यात असतील तर बघ.

लगेच लिही.

ताई


३० जून

ठोकळ्या,

तुझं उत्तर नाही. भावजयीच्या नंबरावर फोन केला, तिनं उचलला. तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, रडते आहे एवढं कळलं. मी तिकीट काढू का? या वेळी येऊ नकोस म्हणालास तरी ऐकणार नाही.

घर दुरुस्त कर असं मीच लिहिलं होतं. ते मी विसरलेले नाही.

ताई


२१ जुलै

ताई,

ये. पण हे वाचून ये, म्हणजे दारात मला काही विचारायला लागणार नाही.

तुझं ९ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी केराचा डबा बघितला. रिकामा होता, कधीच. पण तुझ्या प्रश्नांची उत्तरं मला डबा न बघताच ठाऊक होती. काळे होते, आखूड होते. मी चिमट्यानं उचलले होते ना, त्या वेळी ठिपके बघितले होते. बघूनही मला काही वाटलं नाही. रोज तेच केस तिच्या मुठीत बघतो, तरी ओळखले नाहीत.

त्या बुधवारी आरोळी आली नाही. दार लवकर उघडलं. भिंगरी बाहेर आली, चपला घातल्या, माझं बोट धरलं. बाई मागे दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, त्यांनाच बरं नाही. वाटेत मी विचारलं, घर बघितलंस? "हो." आवडलं? "हो." मी म्हटलं, बाबानं केलं. "माहितीये," म्हणाली. "तुझा गोंद ओळखते मी."

पुढचे तीन बुधवार ती खोलीत दाराजवळ बसून राहिली. वाळूला हात लावला नाही. पापण्या दोन्ही गेल्या, भुवया गेल्या, टाळूवर तळव्याएवढी जागा झाली. मग बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. भिंगरीला विचारून बोलावलं, तिनं सांगा म्हटलं म्हणून सांगते, असं आधी म्हणाल्या.

काडेपेटी ही बाळाची खाट होती. भिंगरी दर बुधवारी मुठीतून केस न्यायची आणि बाळाच्या अंगाखाली घालायची, मग वरून घालायची. घरी ओढलेले केसही जपून तिथेच नेऊन घालायची. ज्या दिवशी पेटी पुरेशी भरेल असं तिला वाटेल, त्या दिवशी बाळाला पोटमाळ्यावरून खाली आणायचं असं तिचं ठरलं होतं. तिनं बाईंना सांगितलं होतं, थोडेच राहिलेत. बाई म्हणाल्या, "पहिला केस तिनं यासाठीच ओढला असं मी म्हणणार नाही. तेवढं सरळ नसतं. पण ज्याचं तिला काय करावं ते कळत नव्हतं, त्याचं तिनं काहीतरी करायला घेतलं होतं."

मी विचारलं, पण केस का? बाळाच्या खाली केस कशाला?

बाई काही बोलायच्या आधी ही बोलली. वर्षभरात माझ्यासमोर ती त्यावर पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मी फोनवर म्हणाले होते. माझ्या आईला. इस्पितळातून आले त्या दिवशी. मला हातात दिलं ना, किती गार होतं गं ते, असं म्हणाले होते. भिंगरी दारात होती. मी बघितलं होतं तिला. मला वाटलं, तिला कळलं नसेल."

ताई, बाळ गार होतं हे मला माहीतच नव्हतं. हिनं ते हातात घेतलं होतं हेही माहीत नव्हतं. मी तेव्हा बाहेर होतो, आणि नंतर विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो. नऊ वर्षांच्या पोरीला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं.

बाईंनी मला दोष दिला नाही. घर कपाटात कुलूप लावून ठेवायला हवं होतं, म्हणाल्या, ती माझी चूक. त्या असं म्हणाल्यामुळे मला आणखीच कसंतरी झालं. मी म्हटलं, मी सगळं पुन्हा होतं तसं करतो, गोंद सोडवता येतो मला. त्या म्हणाल्या, नको. आता काहीही करू नका. फक्त तिला खरं काय ते सांगा. म्हणा, ती पेटी मी उघडली, केस मी टाकले, ते तुझे होते हे मला कळलं नाही, आता ते परत मिळणार नाहीत. एवढंच. माफी मागून तिच्याकडून "चालेल" वदवून घेऊ नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण तिला तुमची समजूत काढायला लावू नका. "तिनं एका बाळाला सांभाळायला घेतलंय," म्हणाल्या, "त्यात तुमची भर नको."

मी हे घरी म्हणून बघितलं, आरशासमोर. इस्पितळाचं मॉडेल लोकांना दाखवायचं असतं तेव्हा मी असाच सराव करतो.

काल शाळा सुटल्यावर सांगितलं. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती, टोपी काढलेली, ऊन डोक्यावर. ही आत ओट्याशी होती, दार उघडं ठेवलं होतं. मी शेजारी बसलो. पहिलं वाक्य बरोबर म्हणालो, दुसरंही. तिसरं म्हणताना माझा आवाज गेला. "ते तुझे होते" इथपर्यंत आलो आणि पुढे येईना. मी रडायला लागलो. तू मला कधी रडताना बघितलं नाहीस, मीही बघितलं नव्हतं. थांबवायचा प्रयत्न केला, थांबेना. बाईंनी काय सांगितलं होतं ते सगळं डोक्यात लख्ख होतं आणि एकही गोष्ट हातून होत नव्हती.

भिंगरी आधी घाबरली. मग सरकून जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला, आई लहान मुलाला थोपटते तसं थोपटायला लागली.

"असू दे बाबा," म्हणाली. "रडू नको ना. माझ्याकडे अजून आहेत."

आणि तिचा दुसरा हात वर गेला. मागच्या बाजूला, कानाच्या मागे, जिथे अजून दाट आहेत तिथे. बोटं चाचपायला लागली. हात धरायचा नाही असं मला शिकवलंय. धरला असता तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, न धरून काय होतंय तेही माहीत नाही. मी आत हिच्याकडे बघितलं. ही ओट्याला धरून उभी होती. तीही हलली नाही.

भिंगरीनं एक केस काढला, उन्हात धरून बघितला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा चांगला लांब आहे," म्हणाली.

मी "बरं" म्हणालो, ताई.

ठोकळ्या